पेरीक: सेंट जेम्सच्या पिंपातली तंबाखू



गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक छोटी सुनावणी झाली. धाकटी शाळेच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी डब्यांवरचे घटक वाचत बसली होती. हिंगाची डबी हातात आली आणि ती थबकली. पुढे मोठ्या अक्षरात हिंग, मागे बारीक अक्षरात गव्हाचं पीठ, डिंक, आणि मग कुठे हिंग. "बाबा, म्हणजे आपण इतकी वर्षं खोटा हिंग खातोय?" तिची आई म्हणाली, "खोटा नाही गं, बांधणी हिंग आहे तो. नुसता हिंग घातलास तर आमटी फेकून द्यावी लागेल." लेकीचं समाधान झालं नाही. मिसळायचंच असेल तर नाव हिंगाचं का लावायचं, हा तिचा मुद्दा. मी कन्सल्टंट माणूस, उत्तर नसलं तरी बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी गप्प बसलो. कारण हाच प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता. लुईझियानात, तंबाखूच्या एका कोठारात.

तर आजचा विषय तंबाखू आहे. काही घरांत आत्ता रेडिओचा आवाज कमी झाला असेल, याची कल्पना आहे. मी स्वतः तंबाखू खात नाही, ओढत नाही, आणि आमच्या घराचा तंबाखूशी काय संबंध होता तेही पुढे सांगेन. कुणी ती ओढून बघावी असा या गप्पांचा अजिबात हेतू नाही. पण 'अस्सल' हा शब्द आपण परदेशात राहणारी माणसं दिवसातून दहादा वापरतो. अस्सल हापूस, अस्सल गोडा मसाला, अस्सल कोल्हापुरी. या शब्दाचा हिशोब मांडायला मला पेरीकइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

पेरीक ही पाईपमध्ये ओढायची, आंबवलेली तंबाखू. लुईझियाना राज्यात जिल्ह्याला 'काउंटी' न म्हणता 'पॅरिश' म्हणतात. तिथल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये ही पिकते आणि मुरते. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्या साधारण मध्यावर, मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर हा पॅरिश पसरलाय. काही वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका कारखान्याच्या गोदामाचं सॉफ्टवेअर बसवायला आमची टीम गेली होती. सकाळी हॉटेलातून निघालं की एका बाजूला नदीचा मातीचा बांध, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि उसाच्या मागे रसायनांच्या कारखान्यांची धुराडी. मी सांगली-कोल्हापूरकडचा, त्यामुळे ऊस बघून बरं वाटायचं. तंबाखूचं शेत मात्र शोधावं लागतं. ग्रँड पॉइंट नावाच्या वस्तीच्या आसपास थोडीशी जमीन, आणि जगातली पेरीक म्हणजे मुख्यतः तेवढीच.

क्लायंटकडचा एक वयस्क सहकारी त्याच भागातला. जेवणाच्या सुट्टीत मी निपाणीचा विषय काढला, आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीत होते म्हणून सांगितलं, तर तो शनिवारी मला ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे घेऊनच गेला. पत्र्याचं कोठार, आत अंधार, ओळीनं लावलेली लाकडी पिंपं, आणि वास. वास सांगणं अवघड आहे. जुन्या मुरंब्याची बरणी, शिळा गूळ, व्हिनेगर आणि वर थोडी मिरपूड. निपाणीच्या वखारीचा वास कोरडा, घशात बसणारा. हा ओला होता.

आता ही तंबाखू बनते कशी ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

वसंतात रोपं लावतात. झाड वाढलं की शेंडा खुडायचा, बगलफुटी काढत राहायच्या, म्हणजे सगळा जोर मोजक्या पानांत जातो. उन्हाळ्यात अख्खं झाड कापून कोठारात उलटं टांगायचं. पानं वाळून तपकिरी झाली की त्यांना पुन्हा थोडा ओलावा द्यायचा, नाहीतर हात लावताच चुरा होतो. मग मधली जाड शीर हातानं ओढून काढायची. उरलेल्या पानांच्या पिळून साधारण अर्ध्या किलोच्या पेंड्या करायच्या. तिथले लोक फ्रेंच वळणाचा शब्द वापरतात, टॉर्केट. या पेंड्या व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपांत थरावर थर रचायच्या, वर लाकडी ठोकळे ठेवायचे आणि त्यावर जॅक लावून दाबायचं. तुम्ही गाडीचं चाक बदलताना जॅक लावता ना, त्याचाच दांडगा, स्क्रूचा मोठा भाऊ. दाब इतका की आतली जवळजवळ सगळी हवा निघून जाते आणि पानांचा काळा रस वर येतो.

पिंपं व्हिस्कीचीच का? त्याचं उत्तर मला सप्लाय चेनवाला म्हणून फार आवडलं. अमेरिकेत बर्बन म्हणून विकायची व्हिस्की कायद्यानं नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. तेच पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. त्यामुळे केंटकीतून मजबूत, वापरलेली पिंपं सतत बाहेर पडत असतात. कुणाची अडगळ ती कुणाचं भांडवल.

मग वर्षभर थांबायचं. पण नुसतं थांबून भागत नाही. मधूनमधून जॅक सैल करायचा, पेंड्या बाहेर काढायच्या, हातानं मोकळ्या करायच्या, थोडी हवा लागू द्यायची, पुन्हा रचायच्या आणि पुन्हा दाबायचं. दाब काढला की पान रस परत पितं आणि हवेमुळे काळं पडत जातं. हवा नसल्यानं बुरशी धरत नाही, पण हवेवाचून जगणारे जीवाणू आणि यीस्ट आपलं काम करत राहतात. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत दादरा बांधण्याआधी वरून दडपण ठेवतात आणि अधूनमधून कोरड्या हातानं खालीवर करतात, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे खालीवर करायला दंडात ताकद लागते. साधारण वर्ष झालं की पान जवळपास काळं, चिकट आणि फळासारख्या वासाचं होतं.

एवढी उस्तवार केलेली ही तंबाखू नुसती फारसं कुणी ओढत नाही. ती फार जहाल. व्हर्जिनियाच्या गोडसर पानांत ती थोडीशी मिसळतात, दहात एखादा भाग. तिला पाईपवाले 'तंबाखूतली ट्रफल' म्हणतात. ट्रफल मी खाल्लेली नाही, त्यामुळे मी तिला हिंग म्हणतो.

आता इतिहास. प्रचलित गोष्ट अशी: १८२४ साली पिएर शने नावाच्या शेतकऱ्यानं तिथल्या आदिवासींची, चोक्टॉ आणि चिकसॉ लोकांची, तंबाखू दाबून ठेवण्याची पद्धत पाहिली, ती सुधारली आणि विकायला सुरुवात केली. 'पेरीक' हे त्याचंच टोपणनाव, असं म्हणतात. नावाची दुसरी एक व्युत्पत्तीही सांगतात, पण ती कौटुंबिक कार्यक्रमात सांगण्यासारखी नाही. तुमच्या तुम्ही शोधा.

ही गोष्ट मला थोडी जास्तच नीटनेटकी वाटते. कंपन्यांच्या वेबसाइटवर 'आमची कहाणी' असते तशी. चिकसॉ लोकांचा मूळ मुलूख उत्तर मिसिसिपी आणि टेनेसीकडचा, सेंट जेम्सपासून बराच लांब. मिसिसिपीच्या या काठावर हूमा, बायूगूला असे दुसरेच लोक राहत होते, आणि गोष्टीत त्यांचं नाव नाही. तंबाखू पिकवणं आणि मुरवणं आदिवासींकडून शिकलं, एवढं अगदी पटण्यासारखं आहे. तंबाखू हे त्यांचंच पीक. पण एका वर्षी एका माणसानं शोध लावला, हे नंतर बसवलेलं वाटतं.

शने अकेडियन होता असं सांगतात, आणि हे अकेडियन कोण, ते आपल्यासारख्यांनी ऐकण्यासारखं आहे. आजच्या कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियाच्या भागात, फ्रेंच बोलणारे शेतकरी राहत होते. त्या प्रदेशाचं नाव अकेडिया. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना घरादारांतून उठवून जहाजांवर चढवलं. घरं जाळली, कुटुंबं फुटली, माणसं तीन दिशांना फेकली गेली. पुढे १७६४-६५ मध्ये त्यांच्यातले काही लुईझियानात पोचले आणि मिसिसिपीच्या याच काठावर वसले. या भागाला अकेडियन कोस्ट असंच नाव पडलं. 'केजन' हा शब्द 'अकेडियन'चाच घासून झालेला. थंड प्रदेशातले हे शेतकरी दमट, डासांच्या, पुराच्या मुलखात आले, तिथल्या लोकांकडून तिथलं पीक शिकले आणि दोन-तीन पिढ्यांत ते पीक त्यांची ओळख झालं. आज पेरीक म्हटलं की केजन. म्हणजे 'परंपरेनं आमचं' असं ज्याला म्हणतात, ते मुळात स्थलांतरितांनी शेजाऱ्याकडून उचललेलं. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला, तिथे त्याला ही नवी वस्तू दिसली आणि ती त्यानं दरबारात नेली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. चारशे वर्षांत तिच्याभोवती चंची, चुना, मिश्री असा सगळा संसार उभा राहिला.

या गोष्टीतून आणखी एक नाव गळतं, किंवा नावं म्हणू या. गृहयुद्धाच्या आधी सेंट जेम्स पॅरिशमधली बहुसंख्य माणसं गुलाम होती. उसाचे मळे त्यांच्या जिवावर उभे होते. पर्यटक ज्या ओक ॲलीचे फोटो काढतात तो मळा याच पॅरिशमध्ये, नदीच्या पलीकडच्या काठाला. पेरीक ही उसापेक्षा लहान शेतकऱ्याची गोष्ट होती हे खरं, पण त्या पॅरिशची कुठलीही शेती या माणसांना वगळून सांगता येत नाही. डबीवरच्या कहाणीत एकटा पिएर शने असतो.

बरं, आता त्या कोठारातला प्रश्न. मी एका पिंपाकडे बोट दाखवून सहज विचारलं, ही खरी पेरीक ना? शेतकरी हसला आणि म्हणाला, कुठलं पिंप विचारतोस त्यावर आहे.

त्याचा अर्थ असा. विसाव्या शतकात पाईप ओढणारे कमी होत गेले. पाईप गेला, सिगारेट आली, पुढे सिगारेटही घटू लागली. पेरीकला कष्ट अफाट, वर्षभर पैसे अडकलेले, आणि शेजारी उसाला तयार गिऱ्हाईक. मुलं कारखान्यात नोकरीला लागली. १९९० च्या दशकापर्यंत पेरीक पिकवणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्या काळच्या हकिकतींत पर्सी मार्टिन यांच्या ग्रँड पॉइंटच्या शेताचं नाव वारंवार येतं, कारण बाकी फारसं कुणी शिल्लकच नव्हतं. दुसऱ्या बाजूला, व्यापाऱ्यांना जगभरच्या ब्लेंड बनवणाऱ्यांना माल द्यायचा होता. माल पुरेना.

तेव्हा जे केलं गेलं ते असं. केंटकी राज्यातल्या ग्रीन रिव्हर भागातलं गडद पान विकत आणायचं, सेंट जेम्समध्ये त्याच पद्धतीनं पिंपात दाबून मुरवायचं आणि सेंट जेम्सच्या पानात मिसळायचं. कॉन्व्हेंट गावातल्या एल. ए. पोशे कंपनीकडून असा माल जायचा. अनेक वर्षं ब्लेंडमध्ये 'पेरीक' म्हणून जे होतं, त्यात हे केंटकीचं पान मोठ्या प्रमाणात होतं. या मिश्रणाला पुढे 'अकेडियन पेरीक' असं वेगळं नाव वापरलं जाऊ लागलं, आणि शुद्ध मालाला 'सेंट जेम्स पेरीक'.

इथे पाईपवाल्यांचे दोन तट पडतात, आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पहिला तट मातीवाल्यांचा. नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, तिथला दमटपणा, पिढ्यान्‌पिढ्या घरी राखलेलं बी, हे सगळं मिळून पेरीक होते. तेच बी बाहेर नेऊन लावलं तर ती चव येत नाही, असं हे लोक ठामपणे सांगतात. दुसरा तट पद्धतवाल्यांचा. पेरीक हे झाडाचं नाव नाहीच, प्रक्रियेचं नाव आहे. दाब, रस, हवा, वर्षभराची उठबस. केंटकीचं पान त्याच कोठारात, त्याच हातांनी मुरलं तर ते पेरीक का नाही?

मी एमबीएमध्ये ब्रँडिंगवर एक अख्खं सेमिस्टर घालवलंय. तिथे या वादाला एका स्लाइडवर चौकोन काढून उत्तर दिलं असतं. पण दोन्ही तटांना काही उदाहरणं अडचणीची आहेत. मातीवाल्यांना लताकियाची. ही धुरावर धरलेली पाईपची तंबाखू सीरियातल्या लताकिया बंदराच्या नावानं ओळखली जाते. गेली कित्येक दशकं बाजारातली लताकिया मुख्यतः सायप्रसची आहे. नाव सीरियाचं, पान सायप्रसचं, आणि पाईपवाले तिला खोटी म्हणत नाहीत. पद्धतवाल्यांना अडचणीचं उदाहरण 'थ्री नन्स'चं. 'नार्निया'चे लेखक सी. एस. लुइस यांचा हा आवडता ब्रँड. त्याच्या जुन्या मिश्रणात पेरीक असायची. पुढे ती काढून तिथे केंटकीचं पान आलं. डबी तीच, नाव तेच, जोगिणींचं चित्र तेच. जुन्या गिऱ्हाइकांना पहिल्या झुरक्यात कळलं.

आपल्याकडे असा तंटा कायद्यानं सोडवायचा प्रयत्न होतो. भौगोलिक मानांकन, ज्याला सगळे जीआय म्हणतात. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही आले. देवगडच्या बागायतदाराला विचारा, त्याला हे फार सैल वाटतं. कोल्हापुरी चपलेचं मानांकन २०१९ चं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. त्यात बेळगावही आहे, म्हणजे निपाणीही आली. सीमाप्रश्न जिथे सुटला नाही तिथे चपलेनं तोडगा काढला. तरी दर एप्रिलमध्ये कर्नाटकचा आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत बसून मुंबईच्या बाजारात येतोच. इकडे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या पेटीचं काय होतं ते तुम्हीच जाणता. मी एकदा एका पेटीला चढ्या भावानं पैसे मोजले होते. घरी उघडल्यावर वास आला तो फक्त गवताचा.

अमेरिकेत वाइनसाठी द्राक्षांचे प्रदेश सरकार आखून देतं. व्हिडेलिया कांद्यासाठी जॉर्जिया राज्यानं १९८६ मध्ये कायदा केला, ठरलेल्या काउंट्यांच्या बाहेरचा कांदा त्या नावानं विकता येत नाही. पेरीकला असं कुंपण कुणी घातलेलं नाही. तिथे चालतो तो शब्द आणि विश्वास, म्हणजे शेतकऱ्याचं "कुठलं पिंप विचारतोस".

आणि ती वाचली कशी, तेही ऐका. शौकिनांनी वाचवली असती तर मला आवडलं असतं. २००५ च्या सुमारास मार्क रायन यांनी पोशे कंपनी घेतली, आणि दुसरीकडे सँटा फे नॅचरल टोबॅको कंपनीनं आपल्या अमेरिकन स्पिरिट सिगारेटचा पेरीक मिसळलेला प्रकार बाजारात आणला. ही कंपनी २००२ पासून रेनॉल्ड्स या बड्या तंबाखू उद्योगाची. सिगारेटमुळे मागणी आली, शेतकऱ्यांशी करार झाले, लागवड पुन्हा वाढली. ज्या सिगारेटनं पाईप संपवला, तिनंच पाईपच्या तंबाखूला जीवदान दिलं. आणि त्याआधीची कडकीची वर्षं कोठारं चालू राहिली, त्यात केंटकीच्या पानाचा हात होता. ते मिश्रण नसतं तर शुद्ध पेरीक कुणाला मागायची, हा प्रश्नच उरला नसता. जॅक गंजले असते आणि ते किती आवळायचे हे जाणणारी माणसंही गेली असती.

म्हणून माझं मत, आणि ते तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. सेंट जेम्सचं पान, सेंट जेम्समध्ये मुरलेलं, ती पेरीक. केंटकीचं पान तिथे मुरवून मिसळलं तर ती लबाडी नाही, पण डबीवर तसं लिहिलं पाहिजे. न लिहिता जी वर्षं गेली, तेवढ्यापुरते मातीवाले बरोबर आहेत. मात्र माती म्हणजे सगळं, हे मला मान्य नाही. त्या मातीकडे आज जरा बघा. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या पट्ट्याला लोक 'कॅन्सर ॲली' म्हणतात, कारखान्यांमुळे. २०१८ मध्ये सेंट जेम्समध्ये फॉर्मोसा प्लास्टिक्सचा अवाढव्य प्रकल्प जाहीर झाला. शॅरॉन लव्हीन नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं 'राइज सेंट जेम्स' ही संघटना उभी करून कारखान्यांविरुद्ध लढा दिला आणि २०२१ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या ज्यांच्यासाठी लढतात ती बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं, मळ्यांवर राबलेल्यांचे वंशज. गाळाची माती हजारो वर्षांची असेल, पण तिथे राहणं माणसांना परवडलं पाहिजे, श्वास घेता आला पाहिजे. पिंप काही आपणहून उलटत नाही.

मीही त्याच पट्ट्यातल्या कारखान्याचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो, हे आधीच सांगितलंय. ते विसरून बोलत नाही.

आता शेवटचं, घरचं. माझे आजोबा निपाणीजवळच्या खेड्यातले. थोडी जमीन आणि बाकी वर्ष वखारीत. वखारीतली तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसायच्या आणि आजोबा पोती मोजायचे. १९८१ च्या आंदोलनात, शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूला भाव मागायला शेतकरी महामार्गावर बसले होते, त्यात तेही होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबा त्याबद्दल एकच वाक्य बोलायचे, "पोत्याचं वजन आमी करायचं, भाव त्यांनी." ते स्वतः तंबाखू मळायचे ती शेताची, खात्रीची. दुकानातल्या पुडीला हात लावायचे नाहीत. "भेसळ असती रं त्यात, ही आपली बिनभेसळ." मी अकरावीत असताना तोंडाच्या कॅन्सरनं ते गेले.

अमेरिकन स्पिरिटच्या पाकिटावर आणि जाहिरातींत 'नॅचरल' आणि 'ॲडिटिव्ह-फ्री', म्हणजे बाहेरचं काही न मिसळलेली, असे शब्द असायचे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, एफडीएनं, कंपनीला ताकीद दिली, कारण अशा शब्दांनी लोकांना ही सिगारेट कमी घातक वाटते. २०१७ मध्ये कंपनी ते शब्द काढायला तयार झाली, ब्रँडच्या नावातला 'नॅचरल' तेवढा राहिला. ही बातमी वाचताना मला आजोबांची चंची आठवली. कॅन्सरला कारण होणारी नायट्रोसमाइन नावाची द्रव्यं पान वाळवताना आणि आंबवताना पानातच तयार होतात. त्यांना बाहेरून कुणी घालावं लागत नाही. अस्सल पेरीकमध्येही ती असणारच.

कोठारातून निघताना त्या शेतकऱ्यानं एक पेंडी हातावर ठेवली. ओढायला नाही, नुसता वास घे म्हणाला. मी ती कागदात गुंडाळून हॉटेलवर आणली, रात्रभर खोली वासानं भरली आणि सकाळी निघताना ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी मुली होत्या.

हिंगाच्या डबीचं काय झालं ते राहिलंच. प्रोजेक्टच्या तक्त्यात 'खरा' आणि 'खोटा' असे दोनच रकाने होते. लेकीनं पेननं तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'मागे लिहिलंय'. शिक्षिकेनं त्यावर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय. या रविवारी आम्ही दोघं बसून तिला उत्तर लिहिणार आहोत.